कार्मी, मारीआ

कार्मी, मारीआ : (३ मार्च १८८० – १९५७). जर्मन रंगभूमीवरील व मूकपटांतील एक ख्यातनाम अभिनेत्री. जन्म इटलीतील फ्लॉरेन्स येथे. मूळ नाव नोरीना गिल्ली. मारीआ कार्मी हे तिने रंगभूमीसाठी घेतलेले नाव होय. जॉर्जियन सरदार घराण्यातील जॉर्ज माचाबेली ह्याच्याशी झालेल्या विवाहानंतर ती प्रिन्सेस नोरीना माचाबेली ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३१ पासून ती मेहेरबाबांची शिष्या होती व १९३६ च्या अखेरीपासून १९४१ पर्यंतचा बराच काळ तिने भारतात, मुख्यतः नासिक येथे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अरणगावनजीकच्या मेहेराबाद येथे काढला. मेहेरबाबांची साधना ज्या साकोरी गावी पूर्ण झाली, ते त्या काळी ह्याच जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यात मोडत असे.

तीन नावांमुळे ह्या स्त्रीचे चरित्र तीन तुकड्यांत विभागले गेले आहे. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत मारीआ कार्मी आढळते, पण पहिल्या महायुद्धानंतर तिचा मागमूस लागत नाही. सुगंधी द्रव्यांच्या व्यापारात माचाबेली हे नाव सुपरिचित आहे. तथापि त्या नावामागील स्त्रीची आठवण तेथे फारशी उरलेली नाही. मेहेरबाबांच्या परिवारातील लेखनात नोरीना सर्वत्र भेटते. परंतु तिचा पूर्वीचा व्यवसाय तेथे केवळ एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. हे तिन्ही तुकडे एकत्र ठेवले, म्हणजे मायभूमी, व्यवसाय व भाषा ह्या तिन्हींपासून क्रमाक्रमाने दूर गेलेल्या एका कलावतीचे आयुष्य समोर येते.

जर्मन कवी व नाटककार कार्ल फोलमलर (१८७८–१९४८) ह्याच्याशी नोरीनाचा १९०४ मध्ये विवाह झाला. फोलमलर हा बहुविध रुचीचा गृहस्थ होता. नाट्यलेखनाबरोबरच आरंभीच्या काळातील विमानांच्या प्रयोगांतही त्याने भाग घेतला होता. पुढे डेअर ब्लाउअ एंगल (१९३०) ह्या विख्यात बोलपटाच्या पटकथेच्या लेखकांपैकी तो एक होता. त्याच्यामुळे नोरीनाचा बर्लिनच्या नाट्यवर्तुळाशी संबंध आला व तेथे माक्स राइनहार्ट (१८७३–१९४३) ह्या दिग्दर्शकाच्या नाट्यशाळेत तिने अभिनयाचे शिक्षण घेतले. राइनहार्टने रंगमंचाची चौकट मोडून सर्कशीच्या रिंगणात व प्रचंड सभागृहांत नाटके सादर करण्याचा उपक्रम त्याच सुमारास आरंभिला होता. अशा विस्तीर्ण जागेत संवाद दूरवर पोहोचणे दुष्कर असते. साहजिकच नटाची आकृती, त्याची चाल, प्रकाश आणि समूहाची हालचाल ह्यांना प्राधान्य आले. परभाषेत अभिनय करणाऱ्या इटालियन नटीला ही परिस्थिती प्रतिकूल नव्हती.

तिची कीर्ती झाली ती एका शब्दहीन भूमिकेमुळे. फोलमलरने रचलेले द मिरॅकल हे मूकनाट्य राइनहार्टच्या दिग्दर्शनाखाली २३ डिसेंबर १९११ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात प्रथम सादर झाले. एंगेलबर्ट हुंपरडिंक ह्याचे संगीत त्याला लाभले होते. संपूर्ण सभागृहाला गॉथिक चर्चचे रूप देण्यात आले होते व सुमारे २,००० स्त्रीपुरुष प्रयोगात भाग घेत होते. एक तरुण जोगीण जगाच्या ओढीने मठ सोडून जाते. तेव्हा वेदीवरील कुमारी मेरीची मूर्ती सजीव होऊन खाली उतरते, जोगिणीचा वेश धारण करते व ती परत येईपर्यंत मठातील तिची सर्व कामे निमूटपणे करीत राहते, अशी ह्या मध्ययुगीन आख्यायिकेवरील नाट्याची कथा. महाराष्ट्रीय वाचकाला ती अपरिचित वाटणार नाही. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन भरणा करणारा विठ्ठल, जनाबाईबरोबर जात्याला हात लावणारा विठ्ठल व पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा श्रीकृष्ण हे त्याच जातीच्या श्रद्धेचे आविष्कार होत. नाटकातील मेरीची भूमिका कार्मीने केली. प्रयोगाच्या आरंभी दीर्घ काळ तिला दगडी मूर्तीप्रमाणे निश्चल उभे राहावे लागे. नंतर हजारो प्रेक्षकांच्या देखत त्या दगडात हळूहळू जीव आल्याचा भास केवळ बोटे, मान व दृष्टी ह्यांच्या सूक्ष्म हालचालींनी निर्माण करावयाचा असे. ह्या भूमिकेने तिचे नाव यूरोपभर झाले. व्हिएन्ना, बर्लिन इ. शहरांतील प्रयोगांतूनही ती ह्याच भूमिकेत दिसली.

नाटकाच्या यशातूनच तिचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला. द मिरॅकलचे चित्रण १९१२ मध्ये ऑस्ट्रियात करण्यात आले. चौकटी हाताने रंगविलेला हा चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ह्या संगीतिकागृहात वाद्यवृंद व गायकवृंद ह्यांच्या साथीने दाखविण्यात आला. चित्रपट म्हणजे जत्रेतील करमणूक, हा समज मोडून काढण्याच्या त्या काळातील प्रयत्नांत ह्या प्रयोगाला महत्त्व आहे. राइनहार्टने स्वतः दिग्दर्शित केलेल्या आइने व्हेनेत्सियानिशे नाख्ट (१९१४) ह्या व्हेनिसमध्ये चित्रित झालेल्या मूकपटात ती होती. त्याची पटकथाही फोलमलरचीच. इटलीत नीनो मार्तोल्यो ह्या दिग्दर्शकाच्या स्पेर्दुती नेल बुइओ (१९१४) व तेरेझा राकँ (१९१५) ह्या चित्रपटांत तिने महत्त्वाच्या भूमिका केल्या.

स्पेर्दुती नेल बुइओविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. रोबेर्तो ब्राक्को ह्याच्या नाटकावर आधारलेल्या ह्या चित्रपटात नेपल्स शहरातील दरिद्री वस्ती आणि सरदारांचे विलासी दिवाणखाने एकाआड एक दाखविले होते. दिवाणखान्यातील मोहक व स्वार्थी स्त्री कार्मीने रंगविली होती. उम्बेर्तो बार्बारो ह्या इटालियन अभ्यासकाने रोममधील चित्रपट-शिक्षणसंस्थेत ह्या चित्रपटाचे अध्यापन केले व दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत उदयास आलेल्या नववास्तववादाचा पूर्वज म्हणून त्याचा गौरव केला. संस्थेच्या संग्रहात असलेली त्याची एकमेव ज्ञात प्रत जर्मन सैन्याने १९४३ मध्ये उचलून नेली व त्यानंतर ती कोणाच्याही दृष्टीस पडलेली नाही. काही स्थिरचित्रे आणि समीक्षकांच्या आठवणी ह्यांवरच आता त्याची ख्याती टिकून आहे. मूकपटांच्या बहुसंख्य नटनट्यांच्या वाट्याला हेच आले. भारतातही मूकपटांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात आणि दादासाहेब फाळके ह्यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) ह्या चित्रपटाचाही काही भागच शिल्लक आहे.

महायुद्धाच्या काळात तिची स्थिती चमत्कारिक झाली. १९१५ मध्ये इटली दोस्त राष्ट्रांना मिळाली व १९१६ मध्ये तिने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. जन्माने इटालियन असलेली कार्मी ह्याच वर्षांत बर्लिनमध्ये एकामागून एक चित्रपट करीत होती. ओटो रिपर्ट ह्याच्या होमुनकुलुस (१९१६) ह्या कृत्रिम मानवाच्या कथेवरील चित्रपटमालिकेतही तिने काम केले. रोबेर्ट राइनेर्ट ह्याच्या १९१७ मधील चित्रपटांत पुढे जगप्रसिद्ध झालेला कॉनराड फाइट हा नट तिच्याबरोबर होता. शत्रुराष्ट्रात जन्मलेली नायिका जर्मन प्रेक्षकांना खटकली नाही. पडद्यावर ती जे उच्चारीत असे ते कोणाला ऐकूच येत नव्हते व मधल्या पाट्या शुद्ध जर्मन भाषेत असत. मूकपटाचा हा गुण पुढे बोलपटाने हिरावून घेतला. हिंदुस्थानात आलम आरा (१९३१) प्रदर्शित झाल्यानंतर सुलोचना ऊर्फ रूबी मायर्स ह्या मूकपटांच्या अग्रगण्य नायिकेला हिंदीच्या अभ्यासासाठी काही काळ पडद्यापासून दूर राहावे लागले, हे उदाहरण येथे आठवते. कार्मीवर मात्र तो प्रसंग आला नाही. बोलपट येण्यापूर्वीच तिने चित्रपटसृष्टी सोडली होती. तेव्हा बोलपटाने तिची कारकीर्द संपविली असे म्हणणे सोयीचे असले, तरी ते खरे नाही. ती संपविली युद्धोत्तर राजकारणाने.

फोलमलरशी फारकत झाल्यानंतर तिने जॉर्ज माचाबेली (१८८५–१९३५) ह्याच्याशी विवाह केला. जॉर्जिया तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता व त्याच्या स्वातंत्र्यासाठी महायुद्धाच्या काळात बर्लिन येथे स्थापन झालेल्या समितीतील माचाबेली हा एक प्रमुख कार्यकर्ता होता. शत्रूच्या साम्राज्यातील असंतुष्टांना साहाय्य करण्याच्या जर्मन सरकारच्या ज्या धोरणामुळे ह्या समितीला आश्रय मिळाला, त्याच धोरणामुळे भारतीय क्रांतिकारकांचीही समिती त्याच शहरात कार्य करीत होती. २६ मे १९१८ रोजी जॉर्जिया स्वतंत्र झाला व माचाबेली त्याचा इटलीतील प्रतिनिधी झाला. हे स्वातंत्र्य तीन वर्षेही टिकले नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये लाल सैन्याने तिफ्लिस घेतले आणि नकाशावरून नाहीशा झालेल्या राष्ट्राचा हा वकील परागंदा झाला. पत्नीच्या वाट्याला आलेले निर्वासन अशा रीतीने तिच्या स्वतःच्या देशाचे नव्हते. पतीचा देश गेला म्हणून ती निर्वासित झाली.

ही दोघे अमेरिकेस गेली. राइनहार्टने द मिरॅकल १६ जानेवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या सेंचुरी थिएटरमध्ये नव्या थाटात सादर केले. मेरीची भूमिका प्रथम कोणी करावयाची, कार्मीने की लेडी डायाना मॅनर्स ह्या इंग्रज उमराव कन्येने, ह्यावरून वृत्तपत्रांत मोठा गाजावाजा झाला. पहिल्या रात्रीचा मान डायानाला मिळाला व पुढे दोघी आळीपाळीने ती भूमिका करू लागल्या. जी मूर्ती कार्मीने घडविली होती, तिच्यावर आता दुसरीचाही हक्क निर्माण झाला. चव्वेचाळिशीच्या घरात आलेल्या नटीला हा संकेत पुरेसा बोलका होता.

उपजीविकेसाठी पतिपत्नींनी प्रथम न्यूयॉर्कमध्ये दुर्मिळ वस्तूंचे दुकान थाटले. माचाबेलीला अत्तरे सिद्ध करण्याचा नाद होता. ओळखीच्या स्त्रियांसाठी तो सुगंध तयार करून देई. त्यातूनच १९२६ मध्ये प्रिन्स माचाबेली ही सुगंधी द्रव्यांची कंपनी उभी राहिली. माचाबेली घराण्याच्या राजमुकुटावरून बेतलेली तिची मुकुटाकृती कुपी नोरीनाच्या कल्पनेतून आली. तीच पुढे कंपनीची ओळख ठरली. नामशेष झालेल्या राज्याचा मुकुट अशा रीतीने न्यूयॉर्कच्या दुकानांत काचेच्या रूपाने विकला जाऊ लागला. दोघांचा १९३३ मध्ये घटस्फोट झाला. १९३५ मध्ये माचाबेलीचे निधन झाले व पुढील वर्षी कंपनी विकण्यात आली.

जर्मन चित्रपटसृष्टीतील निर्वासन म्हटले, की १९३३ नंतरचा काळ डोळ्यांसमोर येतो. नाझी राजवटीने ज्यू कलावंतांना व विरोधकांना कामावरून दूर केले आणि शेकडो दिग्दर्शक, लेखक, नट व तंत्रज्ञ देशोधडीस लागले. कार्मीच्या पूर्वायुष्यातील सहकारी ह्याच लाटेत सापडले. राइनहार्टचे निधन न्यूयॉर्कमध्ये झाले. कॉनराड फाइट व फोलमलर हे कॅलिफोर्नियात वारले. थोडे निर्वासित मुंबईसही आले. मूळचा कार्ल्सबाटचा संगीतकार वॉल्टर काउफमान (१९०७–८४) हा १९३४ मध्ये मुंबईस आला व पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. आकाशवाणीची परिचयधून त्याचीच. डी फ्रॉइडलोजे गासे (१९२५) ह्या गाजलेल्या मूकपटाचा पटकथालेखक विली हास (१८९१–१९७३) ह्याने १९३९ मध्ये मुंबई गाठली व मोहन भवनानी ह्यांच्या चित्रसंस्थेसाठी लेखन केले. ह्यांच्या तुलनेत कार्मीचे निर्वासन सौम्य होते, हे नमूद केले पाहिजे. तिला वंशामुळे कोणी हाकलले नव्हते. पासपोर्टासाठी दारोदार हिंडण्याची पाळीही तिच्यावर आली नव्हती. तिने गमावले ते वेगळेच होते. फ्लॉरेन्स तिने स्वेच्छेने सोडले, बर्लिन युद्धाने दुरावले, जॉर्जिया तिच्या हाती कधी आलाच नाही आणि न्यूयॉर्कमध्ये व्यापारी यश मिळूनही रंगभूमी संपली.

अशा अवस्थेत नोव्हेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कनजीकच्या हार्मन येथे तिची मेहेरबाबांशी भेट झाली. मेहेरबाबा (१८९४–१९६९) हे पुण्याच्या इराणी कुटुंबातील. मूळ नाव मेरवान शहरियार इराणी. पुण्याच्या हजरत बाबाजान ह्यांच्या सहवासात त्यांच्या आध्यात्मिक जीवनास आरंभ झाला. परंतु त्याला आकार मिळाला तो गोदावरीच्या खोऱ्यात. १९१५ च्या अखेरीस ते शिर्डीस साईबाबांकडे आले व तेथेच खंडोबाच्या देवळात राहणाऱ्या उपासनी महाराजांची (१८७०–१९४१) व त्यांची गाठ पडली. उपासनी महाराज पुढे जवळच्याच साकोरी येथे स्थायिक झाले. १९२१ मध्ये मेरवान सुमारे सहा महिने साकोरीस त्यांच्याजवळ राहिले व साधना पूर्ण झाल्याची ग्वाही घेऊन त्यांनी साकोरी सोडली. शिर्डी व साकोरी ही दोन्ही गावे तेव्हा कोपरगाव तालुक्यात होती. राहाता तालुका स्वतंत्र झाल्यावर ती त्यात गेली. ह्या स्थानांकडे जाणाऱ्या बाहेरगावच्या यात्रेकरूंना मनमाड-दौंड लोहमार्गावरील कोपरगाव हे स्थानक सोयीचे पडे. एक ज्यू किंवा ख्रिस्ती नव्हे, तर जरथुश्त्री कुटुंबातील तरुण मुस्लिम फकिराच्या व ब्राह्मण गुरूच्या मार्गदर्शनाखाली तयार व्हावा, ही गोष्ट ह्या तालुक्याच्या धार्मिक इतिहासाच्या प्रकृतीशी सुसंगतच होती.

१० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनी मौन धारण केले व ते अखेरपर्यंत पाळले. आरंभी काही काळ ते लिहून व नंतर मुळाक्षरांच्या फलकावर बोट फिरवून विचार प्रकट करीत. १९५४ मध्ये त्यांनी फलकही सोडला व ते केवळ खुणांनी बोलू लागले. मूर्तीचे मौन रंगविण्यात जिचे नाव झाले होते व मूकपटांत जिची उमेदीची वर्षे गेली होती, ती नटी अशा गुरूकडे ओढली गेली, ह्यात भक्तांना ईश्वरी योजना दिसते. इतिहासदृष्ट्या एवढे म्हणता येईल, की मुद्रा व हस्तसंकेत ह्यांची भाषा वाचण्याचे शिक्षण तिला इतरांपेक्षा अधिक होते आणि ज्या संभाषणात उच्चारांवरून परकेपण उघडे पडत नाही, असे संभाषण तिला येथे मिळाले. मेहेरबाबांचे पाश्चात्त्य देशांत सर्वत्र स्वागतच झाले असे नाही. पॉल ब्रंटन ह्या इंग्रज लेखकाने आपल्या भारतप्रवासावरील ग्रंथात (१९३४) त्यांच्यावर कठोर टीका केली. १९३२ मध्ये हॉलिवुड येथे मौन सोडण्याची जाहीर घोषणा होऊन ती रद्द झाली, तेव्हा वृत्तपत्रांनीही टर उडविली. नोरीनाच्या निष्ठेत त्यामुळे फरक पडला नाही.

१९३० नंतरच्या काही वर्षांत मेहेरबाबांच्या शिकवणुकीवर एक चित्रपट काढण्याची योजना आखण्यात आली. ती पुढे नेण्यात नोरीनाचा मोठा वाटा होता. तिने आपल्या जुन्या ओळखी कामी लावल्या. पहिला पती फोलमलर ह्याचे पटकथेसाठी साहाय्य घेण्यात आले. पुढे शॉच्या पिग्मॅलियनवरील चित्रपटाचा (१९३८) निर्माता म्हणून नावारूपास आलेला गाब्रिएल पास्कल हाही त्यात होता. चित्रपट मात्र निघाला नाही. नोरीनाच्या दोन्ही आयुष्यांना जोडू शकणारी ही एकमेव कृती कागदावरच राहिली.

डिसेंबर १९३६ मध्ये पाश्चात्त्य शिष्यांचा एक गट भारतात येऊन नासिक येथे राहिला. त्यात नोरीना व तिची अमेरिकन सहकारी एलिझाबेथ पॅटरसन ह्या होत्या. नासिक हे फाळक्यांचे गाव; हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या अनेक मूकपटांची निर्मिती तेथेच झाली होती. गंगावतरण (१९३७) हा एकमेव बोलपट काढून फाळके निवृत्त झाले, ते ह्याच वर्षी. १९४४ मध्ये नासिकमध्येच त्यांचे निधन झाले. मूकपटाचे युग कायमचे मावळल्यावर त्या युगातील ही दोन माणसे एकाच गावाशी निगडित व्हावीत, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

नासिकनंतर हा परिवार मेहेराबाद येथे आला. अहमदनगरच्या दक्षिणेस अरणगावाजवळ असलेल्या ह्या जागी पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीची बांधकामे शिल्लक होती व टेकडीवर पाण्याची एक मोठी दगडी टाकी होती. टाकीच्या वास्तूचेच रूपांतर करून राहण्याची सोय करण्यात आली. १९३८ मध्ये टेकडीवरील ह्या आवारात पौर्वात्य व पाश्चात्त्य स्त्रिया एकत्र राहत होत्या. अवर्षणग्रस्त मुलूख, उघडा माळ, चैत्र-वैशाखातील तापलेला वारा आणि आवाराबाहेर जाण्यास बंदी, असे हे जीवन होते. रहिवाशांत लंडनमध्ये बॅले नृत्याचे शिक्षण देणारी मार्गारेट क्रॅस्क, टॉल्स्टॉयची सून नादीन टॉल्स्टॉय व स्विस चित्रकर्ती हेलन डाम (१८७८–१९६८) ह्यांचा समावेश होता. ज्या वास्तूत पुढे मेहेरबाबांची समाधी झाली, तिच्या घुमटाच्या आतील भित्तिचित्रे डामने ह्याच वास्तव्यात रंगविली. यूरोपातील नृत्य, नाट्य व चित्रकला ह्या क्षेत्रांतील इतक्या व्यक्ती अहमदनगर जिल्ह्यातील एका माळावर एकत्र नांदल्याचे दुसरे उदाहरण नाही.

नोरीनाचे ह्या काळातील टिकाऊ कार्य म्हणजे मेहेर बाबा जर्नल हे इंग्रजी मासिक. नोव्हेंबर १९३८ ते ऑक्टोबर १९४२ ह्या चार वर्षांत ते अहमदनगरहून प्रसिद्ध झाले व त्यावर संपादक म्हणून तिचे नाव असे. मेहेरबाबांची प्रवचने प्रथम ह्याच मासिकातून क्रमशः बाहेर आली. त्यांना सुसंगत ग्रंथरूप देण्याचे श्रेय नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक च. ध. देशमुख ह्यांना आहे. निळ्या रंगाच्या मोटारगाडीतून झालेल्या भारतभ्रमणातही ती सहभागी होती. बंगलोरजवळ बैरामंगल येथे जागतिक आध्यात्मिक केंद्र उभारण्याच्या खटपटीतही तिने भाग घेतला. त्या केंद्राची कोनशिला १७ डिसेंबर १९३९ रोजी बसविण्यात आली. पण काम पुढे गेले नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांची धरपकड केली. त्यांच्यासाठीची मध्यवर्ती स्थानबद्ध छावणी अहमदनगर येथेच होती; पहिल्या महायुद्धातही ह्याच शहरात जर्मनांना डांबण्यात आले होते. बाँबे टॉकीजचा दिग्दर्शक फ्रान्ट्स ओस्टेन व छायालेखक योझेफ व्हिर्शिंग ह्यांना तेव्हा स्थानबद्ध करण्यात आले. ओस्टेनने म्यूनिकच्या एमेल्का कंपनीच्या वतीने प्रेम संन्यास (१९२५) ह्या बुद्धचरित्रावरील मूकपटाचे दिग्दर्शन केले होते. त्याचे छायालेखन व्हिर्शिंगने केले होते. अछूत कन्या (१९३६) ही त्या दोघांचीच कामगिरी. ओस्टेन नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. त्याला लवकरच जर्मनीस परत जाऊ देण्यात आले; व्हिर्शिंगला मात्र युद्धाची सर्व वर्षे वेगवेगळ्या छावण्यांत काढावी लागली व सुटकेनंतर तो भारतातच राहिला. निर्वासित म्हणून आलेल्या ज्यूंनाही आरंभी शत्रूच्या नागरिकांतच गणले गेले, ही त्या कारवाईतील सर्वांत क्रूर विसंगती होय. ज्या अहमदनगरच्या छावणीत जर्मन अडकून पडले होते, त्याच अहमदनगरच्या छापखान्यातून बर्लिनच्या एका माजी नायिकेच्या संपादकत्वाखालील मासिक दरमहा बाहेर पडत होते. जर्मन पडद्यावर नाव मिळवूनही इटालियन जन्म, जॉर्जियन विवाह व अमेरिकन वास्तव्य ह्यांच्या मालिकेमुळे ती त्या जाळ्याबाहेर राहिली. मायभूमी वारंवार बदलण्याचा तिला झालेला बहुधा हा एकच लाभ.

१९४१ मध्ये नोरीना व एलिझाबेथ पॅटरसन अमेरिकेस परतल्या. मेहेरबाबांच्या इच्छेनुसार तेथे केंद्र स्थापन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. दक्षिण कॅरोलायना राज्यात मर्टल बीच येथे समुद्रकाठच्या सुमारे ५०० एकर अरण्यभूमीवर हे केंद्र उभे राहिले. ही जमीन पॅटरसनच्या वडिलांच्या मालकीची होती. युद्धकाळात न्यूयॉर्कमध्ये नोरीनाने मेहेरबाबांच्या विचारांवर जाहीर व्याख्याने दिली. आपल्या मुखातून निघणारे शब्द बाबांकडून विचारसंक्रमणाने येतात, असे ती सांगे. हा दावा श्रद्धेचा विषय आहे. रंगभूमीच्या दृष्टीने मात्र त्याकडे पाहण्यासारखे आहे : जिची सर्वांत मोठी भूमिका एकही शब्द न उच्चारता झाली, तिने साठी ओलांडल्यावर भाषणासाठी व्यासपीठ गाठले आणि तेथेही ते शब्द स्वतःचे मानले नाहीत.

मेहेरबाबांनी एप्रिल १९५२ मध्ये मर्टल बीचच्या केंद्रास भेट दिली, तेव्हा नोरीना हयात होती. पण हृदयविकाराने तिची प्रकृती खालावली होती. अखेरची वर्षे तिने मुख्यतः अमेरिकेतच काढली. १९५७ मध्ये तेथेच तिचे निधन झाले. मेहेरबाबांचे देहावसान ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगाव माळवीजवळील मेहेराझाद येथे झाले व त्यांना मेहेराबादच्या टेकडीवर, हेलन डामने रंगविलेल्या घुमटाखाली समाधी देण्यात आली. मर्टल बीचचे केंद्र व मुकुटाकृती कुपी ह्या दोन गोष्टी नोरीनाच्या पश्चात दीर्घ काळ टिकल्या. तिच्या चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत.